सूर कधी फिरवायचा

अमरावती, वैशाख

चि. बाळू,



तुझे व्हॉइस मेसेज सगळे ऐकले. फिरत्या स्पीकरचा आवाज देणारं पेडल घ्यायचं आहे, पैसे साठले आहेत, आणि मामा, कोणतं घेऊ तेवढं सांग, असा त्यांचा मथितार्थ. फोनवर सांगितलं असतं, पण तू बोलता बोलता गिटार छेडत बसतोस आणि माझं अर्धं बोलणं हवेत जातं. म्हणून हे लिहितोय.

पेडलचं नंतर. आधी तुझ्या आजोबांच्या पायपेटीची गोष्ट वाच, ती तुला कोणी सांगितलेली नाही. पायांनी भाता मारायची ती अमेरिकन पेटी. संगीत नाटकांच्या काळात अशा पेट्यांना मोठा मान होता. आपल्या अमरावतीच्या वीर वामनराव जोश्यांचं ‘रणदुंदुभी’ बळवंत संगीत मंडळीनं केलं. त्यातली दीनानाथरावांची पदं बाबा तबकड्यांवरून ऐकून पेटीवर बसवायचे. पेटीच्या कपाळावर खुंट्यांची रांग होती आणि त्यातल्या एकीवर ‘व्हॉक्स ह्युमाना’ लिहिलेलं होतं, म्हणजे माणसाचा गळा. ती खुंटी ओढली की भात्याच्याच हवेवर आत एक लहानसं पातं फिरू लागायचं. पट्ट्यांतून निघालेला सूर त्या फिरत्या पात्यामुळे क्षणात झाकला, क्षणात उघडा पडायचा, आणि अख्खी पेटी गळा भरून आल्यासारखी थरथरायची.

मी आठ-नऊ वर्षांचा असताना एकदा ती खुंटी ओढून पदाच्या सुरुवातीपासून शेवटपर्यंत तशीच ठेवली. बाबा रागावले नाहीत. माझा हात धरून त्यांनी ती आत ढकलली आणि तेच पद पुन्हा स्वतः वाजवलं. अंतऱ्याच्या शेवटी लांब धरलेल्या षड्जावर खुंटी बाहेर, समेच्या आधी आत. एवढंच. तो षड्ज आज लिहितानाही कानात आहे.

तुला जे पेडल हवंय ते या खुंटीच्याच कुळातलं आहे. 1935 साली अमेरिकेत हॅमंडचा विजेवरचा ऑर्गन आला. लॉस एंजेलिसच्या डोनाल्ड लेस्लीला मोठ्या दालनात त्याचा आवाज भरघोस वाटला आणि लहान खोलीत तोच कोरडा. त्यावर इलाज म्हणून त्यानं आवाजच फिरवायचं ठरवलं, आणि 1940च्या सुमारास त्याचं लाकडी कपाट तयार झालं. लेस्ली म्हणतात ते हेच. त्यात वरच्या बाजूला एक कर्णा गरगर फिरतो. दिसायला त्याला दोन तोंडं असतात, पण आवाज एकातूनच येतो. दुसरं तोल सांभाळायला. खाली पंधरा इंची स्पीकरच्या तोंडाशी एक जड ढोल फिरतो. साधारण 800 हर्ट्झच्या वरचे सूर कर्ण्याकडे, खालचे ढोलाकडे.

बडनेऱ्याच्या फलाटावर न थांबणारी गाडी भोंगा देत गेली की सूर येताना चढलेला आणि जाताना उतरलेला ऐकू येतो ना? कर्णा तुझ्याकडे येतो-जातो तेव्हा तेच होतं, फक्त सेकंदाला कित्येकदा. शिवाय आवाज लहान-मोठा होतो, भिंतींवर आपटून परततो. हे सगळं एकत्र कानावर पडतं. म्हणून नुसता आवाज लहान-मोठा करणारं किंवा नुसता सूर हलवणारं पेडल लावलं की काहीतरी राहून गेल्यासारखं वाटतं. उन्हाळ्यात कूलरसमोर तोंड धरून ‘आऽऽ’ करायचास, तेवढंच त्यात असतं.

आता खरं सांगायचं ते. लेस्लीला दोन वेग असतात. संथ वेगात कर्णा मिनिटाला पन्नासेक फेरे घेतो, जलद वेगात चारशेच्या आसपास. दुकानात गेलेला प्रत्येक जण हे दोन वेग ऐकतो आणि पेडल घेऊन येतो. तू तसं करू नको. तू मधला रस्ता ऐक. गांधी रोडवर रसवंतीत बसलास तर चाकाचे घुंगरू ऐकजो. ऊस आत गेला की लय जडावते, चोथा बाहेर पडला की पुन्हा धावू लागते, आणि त्या दोहोंमध्ये एक ओढ असते. लेस्लीचा जीव त्या ओढीत आहे. हलका कर्णा सेकंदाभरात वेग पकडतो, जड ढोल काही सेकंद मागे राहतो. तेवढ्या वेळात वरचे सूर पुढे पळालेले आणि खालचे अजून रेंगाळलेले असतात. आजोबांचा हात त्या खुंटीवर जे करायचा, ते गिटारवाल्याचा पाय इथे करतो.

तेव्हा दुकानात एकच परीक्षा घे. आवाज स्वच्छ ठेव, खालच्या तारांसकट मोकळी कॉर्ड वाजव, ती वाजती ठेव आणि वेगाचं बटण दाब. वरचं आणि खालचं एकदमच धावलं तर ते पेडल परत कर, मग त्यावर कितीही नॉब असोत. उलट येतानाही ऐक. जलदवरून संथावर उतरताना गाडी स्टेशनात शिरल्यासारखं वाटलं पाहिजे.

नावं विचारलीस म्हणून देतो. नियोचं व्हेंटिलेटर आणि स्ट्रायमनचं लेक्स या दोन्हींनी कर्णा आणि ढोल वेगवेगळे धरले आहेत, आणि माझ्या कानाला व्हेंटिलेटर जास्त खरं वाटतं. इलेक्ट्रो-हार्मोनिक्सचं लेस्टर जी खास गिटारसाठी आहे, खिशाला त्यामानाने हलकं. बॉसचं आरटी-20 जुन्या बाजारात दिसतं. दोन मोठ्या पायपट्ट्या असल्यानं मांडवाच्या अंधारातही पाय चुकत नाही, ही मला मोठी गोष्ट वाटते. तुझ्या मित्रानं सुचवलेलं युनि-व्हाइब वेगळं. जपानच्या शिन-एई कंपनीत फुमिओ मिएदांनी ते केलं, आत एक दिवा लुकलुकतो आणि प्रकाश टिपणारे भाग सूर वळवतात. हेंड्रिक्समुळे ते गाजलं. सुंदर आहे, पण त्यात कर्णा नाही आणि ढोलही नाही. ते हवं असेल तर त्याच्यासाठीच घे, लेस्ली म्हणून नको.

दोन स्पीकरांवर लेस्लीचं पेडल स्वर्गीय वाटतं, तेही मनातून काढून टाक. अकोल्यात तू जिथे वाजवतोस तिथे साउंडवाला तुला एकच वायर देतो आणि मांडवभर एकच आवाज जातो. हेडफोनवर जे डावीकडून उजवीकडे फिरतं ते तिथे सपाट होतं. म्हणून एकाच वायरीवर ऐकून ठरव, आणि तुझाच अ‍ॅम्प सोबत ने.

विजेची काळजी घे. ही पेडलं साध्या ओव्हरड्राइव्हपेक्षा पुष्कळ जास्त विद्युतप्रवाह मागतात, काहींना 9 नव्हे, 12 व्होल्ट लागतात. खालची पट्टी वाचल्याशिवाय अडॅप्टर जोडू नको. एका लग्नात घाईत मी उलट्या टोकाचा अडॅप्टर लावला आणि उसनं आणलेलं पेडल पहिल्या गाण्याआधीच गेलं. त्याचे पैसे मी चार महिने फेडले. जनरेटरवर कार्यक्रम असेल तर वेगळा स्वतंत्र पुरवठा ठेव, नाहीतर संथ वेगात घरघर ऐकू येईल.

जोडणीचा क्रम असा: ओव्हरड्राइव्ह आधी, मग हे पेडल, रिव्हर्ब शेवटी. खऱ्या कपाटातही तापलेला आवाजच फिरतो.

आणि तू हल्ली नाट्यपदं गिटारवर वाजवतोस म्हणून मुद्दाम लिहितो. मींड घेताना जलद वेग लावू नको. तुझं बोट श्रुती शोधत असतं आणि कर्णा तिला वर-खाली हलवत असतो. ऐकणाऱ्याला तू बेसूर वाटशील. मींड संथावर घे, सूर लागला, ठरला, की मग पाय. आणि जलद वेग तालाशी जुळवायच्या मागे लागू नको. मिनिटाला शंभर मात्रांच्या लयीत तो आपसूक मात्रेला चार फेरे घेतो, तेव्हा चमत्कार वाटतो. पण लय थोडी सरकली की सुटतो, आणि ते सुटणंही गोडच असतं.

लेस्लीचा आवाज आधी कानात मुरू दे. बीटल्सनी 1966 साली ‘टुमॉरो नेव्हर नोज’मध्ये जॉन लेननचा गळाच त्यातून काढला होता. स्टीव्ही रे व्हॉनचं ‘कोल्ड शॉट’ ऐक, तिथे गिटार फेंडरच्या फिरत्या कपाटातून येते. पंधरा दिवस एवढंच कर, पैसे कुठे पळत नाहीत.

पुढच्या रविवारी सकाळच्या गाडीनं इकडे ये. पेटी माडीवर आहे. भात्याचं कातडं मी बदलून घेतलं, पातं अडकलं होतं तेही मोकळं केलं. तू भाता मार, मी खुंटी ओढतो. दुपारी जेवून मग तुझ्या पेडलांच्या लिंका बघू. ताईला सांग, मिरच्यांचा ठेचा पाठव.

तुझा,
मामा