घरचा संगणक मंद झाला? आधी मेमरी तपासा, मग खर्च करा



सातबारा उतारा काढणे, महाडीबीटीवर ठिबक संचाचा अर्ज भरणे, पीक विमा, निर्यातीसाठी डाळिंब बागेची अनारनेटवर नोंदणी, फवारणी व खर्चाच्या नोंदी अशी अनेक कामे आता घरच्या संगणकावर होतात. मुलांच्या शिक्षणासाठी घेतलेला हा संगणक पाच-सहा वर्षांत मंद होतो. नेमके मुदतीच्या शेवटच्या दिवशी पडद्यावरचे चक्र फिरत राहते आणि अर्धा भरलेला अर्ज वाया जातो. मग वैतागून नवा संगणक घेण्याचा विचार होतो. परंतु तपासणी न करता नवा संगणक घेणे म्हणजे माती परीक्षण न करता खताच्या गोण्या आणणे होय. पुष्कळदा उणीव फक्त मेमरीची असते व ती थोड्या खर्चात, कधी बिनखर्चातही, भरून काढता येते.

मेमरी म्हणजे काय?

संगणकात माहिती ठेवण्याच्या दोन जागा असतात. हार्ड डिस्क हे कोठार, तर मेमरी म्हणजेच रॅम हे खळे समजावे. ज्वारी कोठारात कितीही असली तरी मळणी खळ्यावरच होते. खळे अपुरे पडले की काही कणसे उचलून कोठारात ठेवायची व लागतील तशी परत आणायची, अशी ने-आण सुरू होते. मजुरांचा वेळ मळणीऐवजी त्यातच जातो. मेमरी भरली की संगणकाचे हेच होते. म्हणूनच फोटो व चित्रपट पुसून कोठार रिकामे केले तरी खळे मोठे होत नाही.

तपासणी कशी करावी?

नेहमीची कामे उघडी ठेवून कंट्रोल, शिफ्ट व एस्केप ही तीन बटणे एकदम दाबावीत. टास्क मॅनेजर उघडेल. त्यातील 'परफॉर्मन्स' भागात 'मेमरी' निवडावी. एकूण मेमरी किती व वापरात किती, हे तेथे दिसते.

१) वापर बराच वेळ ८५ ते ९० टक्क्यांच्या वर राहत असेल तर मेमरी कमी पडते आहे.

२) मेमरी निम्मी मोकळी असूनही डिस्कचा वापर सतत १०० टक्के दिसत असेल तर दोष डिस्कचा असण्याची शक्यता जास्त.

३) दोन्ही आकडे मोठे असतील तर आधी मेमरीचा उपाय करावा. मेमरी भरल्यामुळेही डिस्कवर ताण येतो.

उदाहरणार्थ, ४ जीबी मेमरीच्या संगणकावर विंडोज १० सुरू होताच सुमारे २ जीबी मेमरी व्यापली जाते. त्यानंतर महाडीबीटी, बँक, यूट्यूब व व्हॉट्सॲप अशी चार पाने उघडली की उरलेली मेमरीही लवकर संपते.

बिनखर्ची उपाय

१) टास्क मॅनेजरच्या 'स्टार्टअप' भागातील अनावश्यक प्रोग्राम बंद करावेत. ते संगणकाबरोबर आपोआप सुरू होऊन मेमरी अडवितात. विषाणूरोधक प्रोग्राम मात्र चालू ठेवावा. असे दोन प्रोग्राम असतील तर एकच ठेवावा.

२) अर्ज भरताना ब्राउझरमधील इतर सर्व पाने बंद करावीत. न लागणारी एक्स्टेन्शन काढून टाकावीत.

३) आठवड्यातून एकदा 'रिस्टार्ट' करावे. विंडोजच्या नव्या आवृत्त्यांत नुसते 'शटडाउन' केल्याने पूर्वीचे सर्वच काम पुसले जात नाही.

४) सी ड्राइव्हमध्ये थोडी जागा नेहमी मोकळी असावी. तेथे जागा नसेल तर वर सांगितलेली ने-आणही अडते.

मेमरी वाढविताना

वरील उपायांनी भागले नाही तर मेमरी वाढवावी. घरगुती कामासाठी ८ जीबी पुरेशी होते. दुकानात जाण्यापूर्वी पुढील गोष्टी टिपून घ्याव्यात.

१) मेमरी डीडीआर३, डीडीआर४ की डीडीआर५ आहे. एका प्रकारची पट्टी दुसऱ्याच्या खाचेत बसत नाही.

२) टेबलावरच्या संगणकाची पट्टी लांब, तर लॅपटॉपची आखूड असते. काही लॅपटॉपमध्ये मेमरी मुख्य पाटीवरच डाक देऊन बसविलेली असते व ती वाढविता येत नाही.

३) एकूण खाचा किती व रिकाम्या किती. हे टास्क मॅनेजरच्या मेमरी भागातच दिसते.

४) विंडोज ३२ बिटची असल्यास ४ जीबीपेक्षा जास्त मेमरीचा उपयोग होत नाही.

दर सारखे बदलतात, म्हणून दोन-तीन दुकानांत चौकशी करून हमीपत्रासह पावती घ्यावी.

पट्टी बसविण्यापूर्वी फवारणीच्या नोंदी व कागदपत्रे पेनड्राइव्हवर उतरवून घ्यावीत. संगणक बंद करून वायर काढावी व चालू करण्याचे बटण काही सेकंद दाबून धरावे. हाताने धातूच्या भागाला स्पर्श करून अंगातील स्थिर वीज उतरवावी. पट्टीवरील खाच जुळवून दोन्ही टोके टक् असा आवाज येईपर्यंत सारखी दाबावीत. पडदा काळाच राहिल्यास घाबरू नये, पट्टी काढून पुन्हा नीट बसवावी. लॅपटॉप उघडण्याची सवय नसल्यास दुकानदाराकडून समोर बसून काम करून घ्यावे.

मेमरी पुरेशी असूनही मंद असल्यास

जुन्या फिरत्या हार्ड डिस्कऐवजी एसएसडी बसवावी. संगणक सुरू होण्यास लागणारा वेळ बराच कमी होतो. आपल्याकडे उन्हाळ्यात पारा ४० अंशांच्या वर जातो आणि धूळही भरपूर असते. त्यामुळे आतील पंखा वर्षातून एकदा साफ करावा.

विंडोज १० ची नियमित मोफत सुरक्षा दुरुस्ती १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपली, हेही लक्षात ठेवावे. विंडोज ११ साठी किमान ४ जीबी मेमरीबरोबरच नवा प्रोसेसर व टीपीएम २.० ही सुरक्षा व्यवस्था लागते. आपला संगणक त्यात बसत नसेल तर मेमरीवर खर्च करण्यापूर्वी विचार करावा. फक्त ब्राउझरचे काम असल्यास लिनक्स मिंट ही मोफत प्रणाली घालता येते व मराठी टंकलेखनही होते. टॅलीसारखे विंडोजवरील प्रोग्राम लागत असतील तर मात्र आधी जाणकाराला विचारावे.

सावधगिरी

'एका क्लिकवर मेमरी वाढवा' अशा जाहिरातींतील प्रोग्राम घालू नयेत. प्रोग्राम घातल्याने खळ्याची जागा वाढत नाही. 'तुमच्या संगणकात व्हायरस आहे' असा फोन करणाऱ्या अनोळखी माणसाच्या हाती संगणकाचा ताबा देऊ नये. फसवणूक होऊन पैसे गेल्यास ताबडतोब १९३० या क्रमांकावर कळवावे.

शेतकरी बंधूंनो, ही तपासणी दहा मिनिटांची आहे. ती पुढील अर्जाची मुदत येण्यापूर्वी, सवडीच्या दिवशी करावी. घरातील शिकणाऱ्या मुलामुलींना बरोबर घ्यावे, म्हणजे पुढच्या वेळी हे काम तीच करतील. तपासणीत उणीव मेमरीची निघाली तर नव्या संगणकाचे पैसे वाचतील आणि अर्जही वेळेत जाईल.