वानुआतूची दाद

ऑस्ट्रेलियाच्या पूर्वेस, प्रशांत महासागरात, सुमारे ८० बेटांचे वानुआतू नावाचे चिमुकले राष्ट्र आहे. मोठे कारखाने तेथे नाहीत. परंतु इतर देशांनी जाळलेल्या कोळशाच्या व तेलाच्या वायूंनी पृथ्वी तापली, समुद्र चढू लागला आणि या बेटांचे किनारे ढासळू लागले.

ही हानी कोणी भरून द्यावयाची? संपन्न राष्ट्रांनी निधी उभारून आपद्ग्रस्तांस साहाय्य द्यावे, अशी मागणी वानुआतूने लहान द्वीपराष्ट्रांच्या वतीने १९९१ साली मांडली. मागणी सरळ होती. तरीही असा निधी स्थापण्याचा ठराव होण्यास २०२२ साल उजाडले! पुढे त्यात देऊ केलेल्या रकमाही हानीच्या मानाने अल्पच होत.

दरम्यान, २०१९ साली दक्षिण प्रशांत विद्यापीठातील कायद्याच्या २७ विद्यार्थ्यांनी, हा प्रश्न हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयापुढे न्यावा, असा आग्रह धरला. वानुआतूने तो मानला व इतर राष्ट्रांस वळविले. २३ जुलै २०२५ रोजी न्यायालयाने मत दिले. ते केवळ सल्ल्यादाखल आहे. त्याने कोणाकडून एक पैही वसूल होत नाही. परंतु हवामानाचे रक्षण हे राष्ट्रांचे कायदेशीर कर्तव्य असून, ते मोडणाऱ्यास भरपाई द्यावी लागू शकेल, असे न्यायाधीशांनी एकमताने लिहून दिले.