गणितातील प्रगती : मोजताना भाजक कोणता धरावा?

मार्च १९२७ मध्ये मुंबई कायदेमंडळात शिक्षणावरील खर्चाची चर्चा चालू असताना डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी एक साधा हिशेब सभागृहापुढे ठेवला. प्राथमिक शाळेत दाखल होणाऱ्या दर शंभर मुलांपैकी अवघी अठरा मुले चौथ्या इयत्तेपर्यंत पोहोचतात. उरलेली ब्याऐंशी पुन्हा निरक्षरतेत जातात. या हिशेबाचे सारे मर्म त्याच्या भाजकात आहे. चौथीत टिकलेल्यांची परीक्षा घेऊन निकाल समाधानकारक असल्याचे सांगणे त्या काळीही सोपेच होते. बाबासाहेबांनी मोजणीला आरंभ केला तो शाळेच्या दाराशी आलेल्या शंभरांपासून.

गणिताचे अध्यापन करताना आम्हांस हा हिशेब वारंवार आठवतो. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यानंतर मुले आठवीपर्यंत शाळेत राहू लागली, ही मोठीच गोष्ट झाली. परंतु गळतीने आपले रूप पालटले. आठवीच्या बाकावर बसलेला विद्यार्थी गणितात तिसरीपाशी थांबलेला असू शकतो आणि हजेरीपटावर ते कोठेही दिसत नाही.

मग जिल्ह्याची गणितातील प्रगती कोण मोजते व कशी? 'प्रथम' संस्थेच्या पुढाकाराने २००५ पासून होणारे 'असर' सर्वेक्षण बहुतेकांनी ऐकलेले असेल. त्यात जिल्ह्यातील तीस गावे व प्रत्येक गावातील वीस घरे निवडली जातात. ५ ते १६ वयाच्या मुलांना घरीच, एकेकट्याने, अंक ओळखणे, दोन अंकी संख्या ओळखणे, हातच्याची वजाबाकी आणि तीन अंकी संख्येला एक अंकी संख्येने भागणे, एवढेच विचारले जाते. शाळेत न जाणारे मूलही मोजले जाते, म्हणजे भाजक बाबासाहेबांच्या रीतीचा आहे. मर्यादाही स्पष्ट आहे. तीस गावांत भिवापूर तालुक्याच्या वाट्याला येऊन येऊन किती येणार? तेव्हा 'असर'च्या आकड्यांवरून एखाद्या तालुक्याला किंवा शाळेला शहाणे अथवा मागास ठरवणे गैर होय.

दुसरी मोजणी शासनाची. राष्ट्रीय संपादणूक सर्वेक्षण १२ नोव्हेंबर २०२१ रोजी तिसरी, पाचवी, आठवी व दहावीसाठी झाले. पुढचे, 'परख' या नावाने, ४ डिसेंबर २०२४ रोजी तिसरी, सहावी व नववीसाठी. इयत्ताच बदलल्या, त्यामुळे पाचवीची तुलना सहावीशी करून जिल्हा चढला की घसरला हे सांगता येत नाही. एक योगायोग मात्र ध्यानात घेण्याजोगा आहे. २०२१ मध्ये तिसरीत असलेली पिढीच २०२४ मध्ये सहावीत होती. महाराष्ट्राच्या ग्रामीण भागात पहिली ते चौथीचे वर्ग भरू लागले ते १ डिसेंबर २०२१ पासून. म्हणजे ही मुले वर्गात नियमित बसण्यापूर्वीच त्यांची परीक्षा झाली होती! या पिढीच्या गणिताची सहावीनंतरही स्वतंत्र काळजी घ्यावयास हवी. आज ती माध्यमिक वर्गांत पोहोचत आहे.

सरासरी हा शब्द पालकांनी थोडा सावधपणे ऐकावा, असे आम्हांस वाटते. समजा, वर्गात दहा मुले आहेत. आठांना पन्नास गुण, दोघांना दहा. एकूण ४२०, सरासरी ४२. पुढे मिरचीच्या हंगामात किंवा वीटभट्टीसाठी त्या दोघांचे आईवडील गाव सोडून गेले व मुलेही गेली. आता सरासरी ५०. वर्गात एकही मूल नवे काही शिकलेले नाही, तरी 'प्रगती' आठ गुणांची झाली! जी दोन मुले गेली त्यांचाच प्रश्न खरा होता. निवासी शाळा ज्या मुलांसाठी उभ्या राहिल्या ती हीच मुले.

याउलट, एका शाळेची सरासरी ६२ वरून ६६ झाली आणि दुसरीची ३१ वरून ४५, तर सत्कार बहुधा पहिलीचाच होतो. एकाच मुलाची आरंभीची व नंतरची मोजणी शेजारी ठेवली तर दुसऱ्या शाळेतील शिक्षकांचे श्रम दिसू लागतात. २२ जून २०१५ च्या 'प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र' या शासननिर्णयाने पायाभूत चाचणी आणली, तिचा हेतू हाच होता. परंतु गुणांची बेरीज करून तक्ता वर पाठवला की काम संपले, असे अनेक ठिकाणी होते. आमच्या मते चाचणीचा खरा उपयोग चुकलेल्या उत्तरात असतो.

५२ मधून २७ वजा करताना मूल ३५ लिहिते. ८१ मधून ४६ वजा करताना ४५. दोन्ही चुकांना एकच नियम आहे : वरचा असो वा खालचा, मोठ्या अंकातून लहान अंक काढायचा. हे मूल निष्काळजी नाही; त्याला दशक सुटा करणे कोणी वस्तू हाताळून दाखवलेले नाही. ६१८ भागिले ६ याचे उत्तर १३ येते तेव्हा मधल्या शून्याची, अर्थात स्थानिक किमतीची, समज राहिलेली असते. 'त्रेपन्न' ऐकून ३५ लिहिणाऱ्याची अडचण तर भाषेची आहे. मराठीत एकक आधी उच्चारला जातो आणि दशक मागून. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात 'वीस एक, वीस दोन' असे वाचन आले तेव्हा केवढे वादळ उठले! विनोदही पुष्कळ झाले. त्या समितीच्या प्रमुख डॉ. मंगला नारळीकर यांनी मुलांची जी अडचण ओळखली होती ती मात्र विनोदाने नाहीशी झाली नाही.

आणखी एक बाब. २०२५ मध्ये 'नेचर' या नियतकालिकात अभिजित बॅनर्जी, एस्थर डफ्लो व सहकाऱ्यांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. कोलकाता व दिल्लीच्या बाजारांत काम करणारी मुले गिऱ्हाइकाचा अवघड हिशेब तोंडी बिनचूक करीत, परंतु तेवढेच गणित शाळेच्या पद्धतीने कागदावर आले की अडत. केवळ शाळेत शिकणाऱ्यांचे याच्या उलट होते. भिवापूरच्या परिसराला हे नवे नाही. मिरचीचे देठ खुडणाऱ्या आईसोबत बसलेली मुलगी, किलोला आठ रुपये दर धरला तर साडेसतरा किलोचे एकशे चाळीस, हे क्षणात सांगेल. तीच मुलगी १७.५ × ८ मांडताना दशांशचिन्ह कोठे द्यावे म्हणून थबकते. लेखी चाचणी तिला 'अप्रगत' म्हणेल. आमच्या मते तिचे अर्धे गणित मोजलेच गेलेले नाही.

म्हणून नव्या विद्यार्थ्याची पहिली मोजणी आम्ही तोंडी व लेखी अशी दुहेरी घेतो, एकेकट्याची, गुण न देता. प्रत्येकाच्या वहीच्या पहिल्या पानावर तो कोठे अडतो तेवढे लिहिले जाते. दिवाळीपूर्वी व उन्हाळ्यापूर्वी तेच पुन्हा तपासले जाते. शाळा सोडून गेलेल्याचे पान काढून टाकले जात नाही.

भेटीच्या दिवशी पालक बहुधा विचारतात, 'किती टक्के पडले?' त्याऐवजी ते पान मागावे. अक्षर वाचता येत नसेल तर मुलालाच वाचायला सांगावे आणि गेल्या खेपेला जेथे अडला होता ते उदाहरण समोर बसवून करवून घ्यावे.