सीडी म्हणून आलेला पाहुणा

२०११ च्या जानेवारीत कंपनीने मला चाकणहून मानेसरला धाडलं. तीन महिन्यांचं काम म्हणाले, लागले नऊ. आयएमटी या तिथल्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात वेल्डिंगचे रोबो उभे करायचे होते. राहायला जवळच्या नाहरपूर कासन गावात घरमालकांच्या, म्हणजे ताऊंच्या घरी वरच्या मजल्यावर एक खोली मिळाली. खाली दोन म्हशी, समोर मोहरीचं शेत आणि धुकं विरलंच तर पलीकडे कारखान्यांची छपरं. बायको आणि तीन वर्षांची मुलगी चिंचवडला. रात्री दोघींचे चेहरे दिसावेत म्हणून थ्रीजीचं डोंगल, म्हणजे यूएसबीत खोचायचा मोडेम, घेतलं. माझ्या लॅपटॉपवर विंडोजऐवजी उबुंटू हे लिनक्स होतं, कारण आपण चारचौघांसारखे नाही हे मला चारचौघांत दाखवायचं होतं. पुढचे तीन आठवडे ती हौस मला पुरून उरली.

१. संगणक डोंगल ओळखतच नाही, असं मी दुकानदारापासून बायकोपर्यंत सगळ्यांना सांगत होतो. ते खरं नव्हतं. तो ओळखत होता, पण सीडी म्हणून. डोंगल खोचलं की पडद्यावर सीडीचं चित्र उमटायचं, आत विंडोजचं इन्स्टॉलर. मी ते चित्र बंद करायचो आणि मोडेम शोधत बसायचो. डोंगल बिघडलंय म्हणून दुकानात जाऊन बदलून आणलं, तर दुसरंही सीडीच निघालं. पुढे कळलं की हा बिघाड नव्हताच, ती गिऱ्हाइकाची सोय होती. खोक्यात वेगळी ड्रायव्हरची सीडी टाकायला नको म्हणून ही यंत्रं ती पोटातच घेऊन येतात आणि आधी सीडी म्हणून हजर होतात. विंडोजमध्ये ड्रायव्हर बसला की तोच कानात सांगतो, आता मोडेम हो. या युक्तीला झिरोसीडी म्हणतात. माझ्या घरात कानात सांगणारं कोणी नव्हतं, त्यामुळे पाहुणा दारातच सीडी होऊन उभा. ताऊंनी पहिल्या दिवशी गाव विचारलं. मी सातारा म्हणालो, त्यांनी ‘बंबई’ ऐकलं. हुक्क्याभोवतीच्या एका म्हाताऱ्याने मात्र मान वर करून विचारलं, “मराठे? पानीपतवाले?” दिल्लीच्या पलीकडे, १७६१ साली जे झालं त्यावरून माझी ओळख पटली. नऊ महिने मी पानीपतवाला. डोंगलची बाजू मला तेव्हा जरा समजायला लागली.

२. दिवसभर मी रोबोच्या कंट्रोलरमधले एरर कोड वाचायचो आणि पोरांना दरडावायचो, “आधी वाचा, मग हात लावा.” रात्री खोलीवर आलो की स्वतः काही न वाचता डोंगल उपसायचो, खोचायचो, पुन्हा उपसायचो. या पोर्टमधून त्या पोर्टमध्ये. फुंकरसुद्धा मारली. लिनक्समध्ये एलएसयूएसबी नावाची साधी आज्ञा आहे. ती दिली की जोडलेल्या प्रत्येक वस्तूचे दोन आकडे दिसतात, पहिला कंपनीचा आणि दुसरा वस्तूचा. माझ्या डोंगलचा दुसरा आकडा होता २०००. तो मी दहा वेळा पाहिला असेन, पण त्याचा अर्थ ‘मी आत्ता सीडी आहे’ असा होतो हे काही डोक्यात आलं नाही. बायको फोनवर म्हणाली, “अहो, रोबो चालवता ना तुम्ही?” मी विषय बदलला.

३. सुटका केली ती शेजारच्या खोलीतल्या पोराने. झारखंडचा, आयटीआय झालेला, ठेक्यावर लागलेला. उबुंटू हे नाव त्याने त्या रात्री पहिल्यांदा ऐकलं. माझी कर्मकहाणी ऐकून म्हणाला, “भैया, सीडी है तो निकाल दो ना.” आणि मी नको म्हणायच्या आत त्या चित्रावर राइट क्लिक करून ‘इजेक्ट’ दाबलं. डोंगलचा दिवा विझला. माझ्याही पोटात काहीतरी विझलं. दोन-तीन सेकंदांनी दिवा लागला, चित्र गेलं होतं. मी आज्ञा दिली तर २००० च्या जागी ००३१. कंपनीचा आकडा तोच, वस्तू निराळी. अशा कितीतरी मोडेमांना ‘सीडी बाहेर काढ’ हा निरोपच रूप बदलायचा इशारा असतो. त्याला हे ठाऊक नव्हतं. त्याला फक्त समोर दिसत होती ती सीडी, आणि सीडी नको असेल तर माणूस ती काढतो. मला अकरा वर्षांचा अनुभव होता. तो आड आला. मी त्याला चहा पाजला. त्याला वाटलं, काहीतरी काम असणार.

४. इंटरनेट लावायला इंटरनेट लागतं. रोज हाताने इजेक्ट करण्यापेक्षा पक्का इलाज होता यूएसबी मोडस्विच हा छोटा प्रोग्राम. जर्मनीतल्या योझुआ डीट्झे या माणसाने तो लिहिला आणि फुकट वाटला. डोंगलला नेमका निरोप पाठवून तो हे रूपांतर आपोआप घडवतो. निरोप केवढा, तर एकतीस बाइट, आणि त्याची पहिली चार अक्षरं ‘यूएसबीसी’. पण हा प्रोग्राम इंटरनेटवर. रविवारी शेअर ऑटोत कोंबून घेऊन सायबर कॅफेत गेलो, पेनड्राइव्हवर उतरवून आणला. खोलीवर कळलं, त्याला डोंगलांच्या यादीची वेगळी फाइल लागते. पुन्हा ऑटो. परत आलो तर टीसीएल नावाचं आणखी काहीतरी हवं. तिसऱ्यांदा मला पाहून कॅफेवाल्याने न विचारता कोपऱ्यातला संगणक चालू करून दिला. घरून निघताना यादी करायची अक्कल आईने मला किराण्यासाठी शिकवली होती, ती संगणकालाही लागते हे कुणी सांगितलं नव्हतं.

५. मोडेम झाला म्हणजे बोलतोच असं नाही. माझ्या मोडेमने एकदम चार दारं उघडली, टीटीवाययूएसबी शून्य ते तीन. शून्यावर मी ठोठावत बसलो, कारण मोजणी शून्यापासून सुरू होते एवढंच मला माहीत होतं. तिथे सामसूम. दोन नंबरच्या दारावर ‘एटी’ एवढी दोन अक्षरं टाइप केली आणि खालच्या ओळीत ‘ओके’ उमटलं. एटी म्हणजे अटेन्शन, लक्ष दे. १९८१ च्या हेज स्मार्टमोडेमपासून मोडेमांना अशीच हाक मारतात. तीस वर्षांत मोडेम खोक्याएवढा होता तो अंगठ्याएवढा झाला, हाक तीच राहिली. रात्रीचे सव्वाबारा वाजले होते, वीज गेलेली, खोलीत लॅपटॉपचाच उजेड. ते ‘ओके’ मी पुन:पुन्हा मागवलं. सात-आठ वेळा तरी.

६. एपीएन, म्हणजे मोबाइल कंपनीच्या इंटरनेटच्या दाराचं नाव, चुकीचं लिहिलं होतं. दोन दिवस गेले. यावर जास्त बोलण्यासारखं काही नाही.

७. रेंज ही विकत मिळत नाही, शोधावी लागते. डोंगलवर ७.२ एमबीपीएस छापलेलं. माझ्या पलंगावर त्याची गोगलगाय व्हायची. सिग्नल विचारायचीही एक आज्ञा असते, उत्तर शून्य ते एकतीसमध्ये येतं. पलंगावर सहा, दारात नऊ, खिडकीच्या गजाला टांगल्यावर सतरा. मग यूएसबीची लांब वायर आणून डोंगल गजाला बांधलं, वर प्लास्टिकची पिशवी. ताऊंनी खालून पाहिलं आणि वीजचोरीचा संशय घेतला. मी समजावलं, यातून घरच्यांचा चेहरा येतो. ते वर आले, खुर्चीत बसले. स्काइपवर माझी आई होती, त्या आठवड्यात चिंचवडला आलेली. ती अस्सल साताऱ्याचं मराठी, ते अस्सल हरियाणवी. दोघंही मोठ्याने बोलत होते, म्हणजे दुसऱ्याला कळेल. म्हैस किती दूध देते यावर त्यांचं एकमत झालं. मी मध्ये दुभाषी व्हायला गेलो तर आई म्हणाली, “तू थांब रे, समजतंय मला.”

८. आता नवं उबुंटू टाकलं तर यातलं काहीच करावं लागत नाही, मोडस्विच आधीच येऊन बसलेला असतो. कुणी नवखा हे वाचून हसेल. हसू दे. ऑक्टोबरात मानेसर सोडताना डोंगल खिशात घातलं, वायर मात्र गजालाच राहिली. गाठी इतक्या पक्क्या मारल्या होत्या की सुटेनात. मध्यंतरी ताऊंच्या नातवाचा फोन आला होता. खोलीत आता बिहारचे दोघे राहतात. वायर अजून आहे म्हणाला, तिच्यावर मोजे वाळत घालतात.