ग्रीन कार्ड आपोआप मिळते का?

प्रश्न : मुलगा ४ वर्षे एच-१बी व्हिसावर अमेरिकेत आहे. सहा वर्षे झाली की ग्रीन कार्ड मिळतेच ना?
– एक आई, सांगली

उत्तर : ताई, आपोआप मिळत नाही, पण घाबरू नका. सहसा कंपनी आधी तिथल्या श्रम खात्याची मंजुरी घेते, मग ग्रीन कार्डासाठी आय-१४० अर्ज करते. तो मंजूर झाला, की नंबर लागेपर्यंत व्हिसा ३-३ वर्षांनी वाढवता येतो. भारतात जन्मलेल्यांची रांग फार लांब आहे, म्हणून ‘प्रायॉरिटी डेट’ (रांगेतला क्रम ठरवणारी तारीख) असलेला मंजुरीचा कागद जपावा. नोकरी बदलली तरी ती तारीख सहसा टिकते. नागरिकत्वासाठीची ५ वर्षे ग्रीन कार्डापासून मोजतात. अमेरिकी नागरिकत्व घेतल्यावर भारतीय नागरिकत्व जाते. मात्र ओसीआय (भारताचे परदेशस्थ नागरिक) कार्ड काढता येते. एच-१बीचे पाचवे वर्ष संपण्याआधी कंपनीची प्रक्रिया सुरू व्हायला हवी. मुलाला आजच चौकशी करायला सांगा.