अट कोणत्या भाषेत? : जाहिरातीच्या मराठीचा एक पाठ

जाहिरातीत बहुधा दोन मजकूर असतात. ठळक अक्षरांतला दावा आणि तळाशी बारीक अक्षरांतली अट. उपयोजित मराठीच्या तासाला आपण घोषवाक्यातील यमक, अनुप्रास, लय यांचे रसग्रहण करतो. तळाची ओळ मात्र सोडून देतो. फसगत होते ती तिथेच.

दाव्याचे व्याकरण आधी पाहू. '५० टक्क्यांपर्यंत सूट' यातील 'पर्यंत' हे शब्दयोगी अव्यय वरची मर्यादा सांगते, किमान सवलतीची हमी देत नाही. 'केसगळती कमी करते' आणि 'केसगळती कमी करण्यास मदत करते' या वाक्यांत क्रियापदच बदलते. दुसऱ्या वाक्यात तेलाने फक्त मदतीची जबाबदारी घेतलेली असते.

महाराष्ट्राबाहेरच्या मराठी वाचकापुढे आणखी एक अडचण असते. दावा मराठीत, पण अट इंग्रजीत. म्हणजे बोलावणे मायबोलीत आणि अडवणूक परभाषेत. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या जून २०२२च्या मार्गदर्शक तत्त्वांनी हे नाकारले आहे. ज्या भाषेत दावा, त्याच भाषेत खुलासा हवा, असे ती सांगतात. दिशाभूल करणारा दावा खुलाशाने दुरुस्त करता येत नाही, हेही त्यांत स्पष्ट आहे. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार अशा जाहिरातीबद्दल जिल्हाधिकाऱ्यांकडे लेखी तक्रार करता येते.

लोकहिताच्या संदेशालाही मन वळवायचेच असते. मात्र त्याची भाषा वेगळी असायला हवी. पल्स पोलिओच्या आवाहनात वार, बाळाचे वय, ठिकाण आणि एक सरळ आज्ञार्थ असे: डोस पाजा. तिथे 'पर्यंत'च्या आड लपायला जागा नव्हती. सरकारी जाहिरात वस्तुनिष्ठ असावी, सत्ताधारी पक्षाचा प्रचार करणारी नसावी, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये बजावले आहे.

वर्गासाठी स्वाध्याय : घरी आलेल्या वृत्तपत्रातील तीन मराठी जाहिराती निवडा. (१) दाव्याचे क्रियापद अधोरेखित करा. (२) दावा मर्यादित करणारे शब्द शोधा. (३) अट कोणत्या भाषेत आहे ते नोंदवा. (४) ती मराठीत नसेल, तर सोप्या मराठीत लिहा आणि दाव्याशेजारी ठेवून दोन्ही मोठ्याने वाचा.

पुष्कळदा दावा तिथेच लहान होतो. विद्यार्थ्याला हे एकदा ऐकू आले, की तळाची ओळ तो पुन्हा सोडत नाही.