जुन्या छायाचित्रांतील लष्करी वाहनांच्या खुणा : एक अभ्यासपाठ

डॉ. बाबासाहेब आंबेडकर जुलै १९४१ मध्ये संरक्षण सल्लागार समितीचे सदस्य झाले. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये बेळगाव येथे महार रेजिमेंटची पहिली पलटण उभी राहिली. दुसरी १९४२ मध्ये आपल्या जवळच्या कामठीस उभारण्यात आली. त्या काळच्या सैनिकांच्या घरी कधी एखादे छायाचित्र सापडते. मोटारीजवळ उभा जवान, पाठीमागे ना नाव, ना तारीख. सांगणारी पिढी आता जवळजवळ संपली आहे. अशा वेळी मोटारीवर रंगविलेल्या खुणाच साक्षीदार ठरतात.

विद्यार्थी मित्रहो, प्रथम खुणांचे प्रकार ओळखावेत.

१. डिव्हिजनचे चिन्ह : चौथ्या हिंदी डिव्हिजनचा लाल गरुड, सातवीचा सोनेरी बाण, सतरावीचे काळे मांजर, तेविसावीचा लाल कोंबडा.

२. रंगीत चौकोनातील पांढरा अंक : हा तुकडी दर्शवितो. तोफखान्याचा चौकोन वर लाल, खाली निळा असे.

३. पिवळ्या वर्तुळातील काळा अंक : हा तुकडीचा नसून पुलांसाठी ठरविलेला वाहनाचा भारवर्ग होय. नवखा अभ्यासक येथेच फसतो.

४. नोंदणी क्रमांकाचे आद्याक्षर : 'एल' म्हणजे लॉरी, 'सी' मोटारसायकल, 'टी' रणगाडा.

५. पांढरा पंचकोनी तारा : ही दोस्त राष्ट्रांची सामाईक खूण, केवळ तिच्यावरून वाहन अमेरिकन सैन्याचे ठरत नाही.

कृष्णधवल चित्रात रंग मात्र दगा देतात. ऑर्थोक्रोमॅटिक फिल्मवर लाल रंग काळपट व निळा फिकट उमटतो. पाचव्या डिव्हिजनचे काळ्या चौकोनातील लाल वर्तुळ तेथे नुसता काळा चौकोन भासू शकते. शिवाय गुप्ततेसाठी खुणा झाकल्या जात, सेन्सॉरही त्या खोडीत. म्हणून खूण न दिसणे म्हणजे ती नव्हतीच, असे नव्हे.

आणखी एक सावधगिरी बाळगावी. खूण वाहनाची ओळख देते, माणसाची नव्हे. जवान दुसऱ्या तुकडीच्या गाडीजवळही उभा राहिलेला असू शकतो. त्याची ओळख टोपीवरील बिल्ल्यात शोधावी. महार रेजिमेंटच्या आरंभीच्या बिल्ल्यावर कोरेगावचा स्तंभ होता. अंतिम निर्णय सेवामुक्तीच्या कागदपत्रांशी ताडूनच करावा.

घरात असे चित्र असेल तर त्यावर काही लिहू नका. स्वतंत्र वहीत एका बाजूस 'दिसते ते' व दुसऱ्या बाजूस 'तर्काने वाटते ते' नोंदवा. हा भेद पाळला, तरच पूर्वजांचा पराक्रम आख्यायिकेतून इतिहासात येईल.